टेल पिनियन आणि बेअरिंगं बदलल्यावर मागचा ॲक्सल रडतोय, पुन्हा उघडू का?

भांडुपची_जीप:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही. जीप वडिलांची आहे, सीजे-३बी, मी शाळेत असल्यापासून घरात आहे आणि वडील गेल्यापासून मीच बघतो. मागचा ॲक्सल डाना ४४, रेशो ५.३८, क्राऊनला (चाकांकडे फिरणं देणारं मोठं दातेरी चक्र) ४३ दात आणि टेल पिनियनला (प्रोपेलर शाफ्टने फिरणारं आणि क्राऊनला फिरवणारं छोटं चक्र) ८, हे मी स्वतः मोजलेत.

जुलैमधे एका रात्री कुर्ल्याहून घरी येताना एलबीएस रोडला पाणी भरलं आणि गाडी वीस-पंचवीस मिनिटं पाण्यात उभी राहिली, पाणी हबच्या वर होतं. इंजिनाला काही झालं नाही म्हणून मी पुढे लक्षच दिलं नाही, ती माझी चूक. दिवाळीनंतर मागून घर्रर्र आवाज यायला लागला. ऑइल काढलं तर दूध जास्त झालेल्या चहासारखं निघालं. मेकॅनिकने उघडून दाखवलं, टेल पिनियनच्या दोन्ही बेअरिंगांच्या कपांवर, म्हणजे बाहेरच्या रिंगांवर, खड्डे पडलेले आणि पिनियनच्या दोन दातांचे कोपरे उडालेले. मग क्राऊन-पिनियनचा नवीन सेट, पिनियनची दोन्ही बेअरिंगं, साइड बेअरिंगं, ऑइल सील सगळं नवीन आणून दिलं. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी मिळाली.

आता जुना घर्रर्र गेला पण नवीनच सुरू झालंय. ४० ते ५५ च्या मधे ॲक्सिलरेटर हलका धरून ठेवला की ऊंऽऽऽ असा एकसुरी आवाज येतो, पाय काढला की एकदम बंद. आणि ठाण्यापर्यंत जाऊन आलो तरी पिनियनच्या नाकाला, म्हणजे जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडतो तिथे, हात दोन सेकंद टेकवत नाही. मेकॅनिक म्हणतो नवीन माल आहे, ५०० किलोमीटरमधे बसेल. आत्तापर्यंत १८० झालेत. चालवत राहू की उघडू? आणि उघडायचं तर घरी जमण्यासारखं आहे का? भांडुपलाच मित्राचा लेथचा गाळा आहे, तिथे प्रेस आहे आणि जागा मिळेल.

सह्याद्रीत_फोरबायफोर:
टायर कुठले आहेत? मड टायर असतील तर ते पण असेच रडतात, मी एकदा महिनाभर डिफरन्शियलवर संशय घेत बसलो होतो आणि शेवटी टायर निघाले. सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलतो का बघ. बदलला तर टायर, नाही बदलला तर ॲक्सल.

भांडुपची_जीप:
टायर साधे रिब पॅटर्नचे आहेत, आणि काम करायच्या आधी ह्याच टायरवर हा आवाज नव्हता. हायवेवर दोन्ही रस्त्यांवर बघितलं, सूर तोच.

स्नेहल_विक्रोळी:
दादा, तुम्ही दोन वेगळी लक्षणं लिहिलीत, ती वेगवेगळीच धरा. मी बेअरिंगच्या टेस्टिंगमधे काम करते म्हणून सांगतेय.

पहिलं म्हणजे आवाज. बेअरिंग खराब असेल तर ते पाय दिला काय आणि काढला काय, स्पीडप्रमाणे घुमतच राहतं. तुमचा आवाज फक्त लोड दिल्यावर येतो आणि सोडल्यावर जातो, म्हणजे तो दातांचा आहे. पुढे जाताना क्राऊनच्या दाताची फुगीर बाजू लागते, पाय काढल्यावर खोलगट बाजू लागते. फुगीर बाजूवर पिनियनचा दात चुकीच्या जागी टेकत असणार.

दुसरं म्हणजे उष्णता. नवीन सेट थोडा गरम चालतो हे खरं आहे, पण मग पूर्ण पोट, म्हणजे ॲक्सलचा मधला फुगीर भाग, आणि नाक साधारण सारखंच गरम व्हायला हवं. पोटाला हात ठेवता येतोय का? ते कोमट आणि नाक चटका देणारं असेल तर पिनियनच्या बेअरिंगांवर प्रीलोड, म्हणजे बसवतानाच आवळून दिलेला दाब, जास्त आहे. ४० च्या स्पीडला तुमचं चाक मिनिटाला सुमारे ३०० फेरे घेतं, पण पिनियन त्याच्या ५.३८ पट म्हणजे सुमारे १६०० घेतो, आणि नाकाजवळच्या बेअरिंगला ऑइलही क्राऊनने उडवलेलं तेवढंच मिळतं. घट्ट बेअरिंग तिथे फार दिवस टिकत नाही. हे "बसणार" नाही, जळेल.

भांडुपची_जीप:
ताई, आत्ता खाली जाऊन एक चक्कर मारून बघितलं. पोटाला हात आरामात ठेवता येतोय. नाकाला नाही.

टेम्पोवाला_मानखुर्द:
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या टेम्पोचा पिनियन तीन वेळा निघालाय, एकदाही कोणी काही मोजलं नाही. आमचा मिस्त्री नट आवळतो, हाताने योक (पिनियनला शाफ्ट जोडायचा तुकडा) फिरवून बघतो, म्हणतो झालं, आणि गाडी लाखभर चालते. ह्या लाइनमधे ज्याचा हात बसलाय त्याला मीटर लागत नाही. प्रत्येक वेळी गाडी उघडत बसलं तर धंदा कधी करायचा. अजून ३०० किलोमीटर चालवून बघ, मग ठरव.

दादरचे_फिटरकाका:
बेस्टच्या दादर वर्कशॉपमधून रिटायर झालोय, बसचे डिफरन्शियल किती उघडले त्याची मोजदाद नाही. आधी मानखुर्दच्या भावाला सांगतो, तुमच्या मिस्त्रीचा हात नक्कीच चांगला असणार, पण त्याने तीनही वेळा बहुतेक तेच क्राऊन-पिनियन ठेवून फक्त बेअरिंग किंवा सील बदललं असेल. तेव्हा जुन्या शिम, म्हणजे जाडी भरायच्या पातळ चकत्या, जशाच्या तशा टाकल्या की बरंचसं जमून जातं. ह्या पोराने सेटच नवीन घातलाय. तिथे हाताचा अंदाज चालत नाही, कारण प्रत्येक पिनियन वेगळा असतो आणि तो किती वेगळा आहे ते कारखान्याने त्याच्या तोंडावरच कोरलेलं असतं.

भांडुप, तू उघड. पण आजपासून गाडी चालवू नकोस. आता क्रमाने सांगतो, क्रम बदललास तर सगळं काम दोनदा करावं लागेल.

ॲक्सल शाफ्ट ओढून झाले की क्राऊनच्या पिंजऱ्यावरच्या दोन्ही कॅपना पंचने खूण कर, डावी एक टिंब, उजवी दोन टिंबं. त्या कॅप पोटाबरोबरच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली तर बेअरिंग वाकडं बसतं आणि मग तू आयुष्यभर शिम बदलत बसशील. पण पिंजरा बाहेर काढायच्या आधी डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, किती आहे तो लिहून ठेव, आणि दातांना रंग लावून आत्ताचा ठसा बघ. मेकॅनिकने काय चुकवलं ते तो ठसाच सांगेल. क्राऊनच्या फुगीर बाजूवर ठसा दाताच्या शेंड्याकडे सरकलेला असेल तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, मुळाकडे असेल तर पिनियन जास्त आत घुसलाय. दाताच्या बाहेरच्या जाड टोकाकडे असेल तर बॅकलॅश जास्त, आतल्या बारीक टोकाकडे असेल तर कमी.

मग पिनियन काढ आणि तोंडावरचा आकडा वाच. जुना पिनियन टाकला नसशील अशी आशा आहे, त्याच्यावरचाही वाच. ह्या ॲक्सलला तो आकडा इंचाच्या हजाराव्या भागात असतो, आपण त्याला थाऊ म्हणतो. अधिक म्हणजे हा पिनियन क्राऊनच्या मध्यापासून तेवढा लांब बसायला हवा, तर शिम कमी करायची. उणे म्हणजे जवळ जायला हवा, तर शिम वाढवायची. जुन्यावर आणि नव्यावर जो फरक तेवढीच शिम बदलायची. आणि आकड्याशेजारी मॅचिंग नंबर असतो, तो क्राऊनच्या कडेवरही तोच असायला हवा. दोन्ही एकमेकांवर घासून जोडीने बनवलेले असतात, एका डब्यातला क्राऊन आणि दुसऱ्यातला पिनियन कधीच गप्प बसत नाही.

भांडुपची_जीप:
काका खूप खूप आभार. जुना पिनियन आहे, वडिलांच्या गाडीचा पार्ट म्हणून ठेवला होता. आत्ता रॉकेलने धुतला, त्याच्यावर अधिक १ आहे. नव्याचा आकडा उघडल्यावर कळेल. एक शंका, ह्या ॲक्सलमधे शिम नक्की कुठे कुठे असतात? मेकॅनिक एकच म्हणत होता.

दादरचे_फिटरकाका:
पिनियनला दोन जागी. एक आतल्या मोठ्या बेअरिंगच्या कपाच्या मागे, पोटाच्या खांद्यावर. ती खोली ठरवते, म्हणजे पिनियन क्राऊनच्या किती जवळ बसणार. दुसरी जुडी पिनियनच्या दांड्यावर, बाहेरच्या बेअरिंगच्या कोनाच्या (रोलरवाल्या आतल्या रिंगच्या) आतल्या बाजूला. ती प्रीलोड ठरवते. ही जुडी जाड केली की बेअरिंगं सैल, पातळ केली की घट्ट.

आणि आता जे सांगतो ते लिहून घे, कारण इथे भलेभले चुकतात. तू कपामागे ३ थाऊ वाढवलेस तर दोन कपांमधलं अंतर ३ थाऊने वाढलं. आता दांड्यावरची जुडी तेवढीच ठेवलीस तर बेअरिंगं तेवढी जास्त आवळली जाणार. म्हणून खोलीला जेवढं वाढवशील तेवढंच प्रीलोडच्या जुडीतही वाढवायचं, कमी केलंस तर तिथेही कमी करायचं. त्यानंतर मोजून बारीक फेरफार.

ऑइल उडवायच्या ज्या पातळ थाळ्या असतात, स्लिंगर, त्याही हरवू नकोस. पिनियनच्या डोक्याच्या आणि बेअरिंगच्या मधे थाळी असेल तर तिची जाडी खोलीत धरलेली असते. काढून फेकली की पिनियन तेवढाच मागे गेला.

सह्याद्रीत_फोरबायफोर:
काका, माझ्या पिकअपमधे शिमची जुडी नाही, तिथे एक चेपणारा स्पेसर आहे असं मेकॅनिक म्हणाला. तिथे पण हेच का?

दादरचे_फिटरकाका:
खोलीचं तेच, प्रीलोडचं वेगळं. तिथे नट आवळत जाताना स्पेसर चेपतो आणि प्रीलोड हळूहळू चढतो. मोठा पाना लावून थोडं आवळ, मोज, थोडं आवळ, मोज. एअर गनने तर अजिबात नाही. एकदा जास्त आवळलं गेलं की नट सैल करून परत यायचा रस्ता नाही, चेपलेला स्पेसर पुन्हा फुलत नाही. नवीन स्पेसर आणायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. लोक सील बदलताना हाच नट काढतात आणि परत दणकून आवळतात, तिथूनच कितीतरी पिनियन संपतात.

भांडुपची_जीप:
आणखी एक, प्रीलोड मोजायचा कसा? इंच-पाउंडवाला पाना माझ्याकडे नाही, मित्राकडचा टॉर्क पाना मोठा आहे, त्याचा काटा एवढ्या कमी लोडवर हलतही नाही.

स्नेहल_विक्रोळी:
मोठ्या पान्याने मोजूच नका, तो नटासाठी ठेवा. ह्या ॲक्सलला नवीन बेअरिंगवर पिनियन फिरवायला २० ते ४० इंच-पाउंड लागायला हवेत, म्हणजे २३ ते ४६ किलो-सेंटिमीटर. चाललेली बेअरिंगं परत वापरली तर त्याच्या साधारण निम्मे.

मोजायला रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा चालेल, फक्त एक किलोचं पाकीट लावून तो खरा दाखवतोय ना बघून घ्या. पोट असं उभं टेका की पिनियनचं नाक वर आकाशाकडे होईल. योकला एक लोखंडी पट्टी बोल्टने बांधा आणि पिनियनच्या मध्यापासून बरोबर २० सेंटिमीटरवर भोक पाडून काटा अडकवा. नाक वर असल्यामुळे पट्टी आडवी फिरते आणि तिचं स्वतःचं वजन मोजणीत येत नाही. आता काटा पट्टीला काटकोनात धरून हळूहळू ओढत फिरा. सुरुवातीचा झटका वाचायचा नाही, फिरत असतानाचा आकडा वाचायचा. १.१५ ते २.३ किलो आला तर तुम्ही बरोबर आहात.

त्याआधी बेअरिंगला ऑइल लावून पिनियन वीसेक फेरे हाताने फिरवा म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतील, आणि मोजताना क्राऊनचा पिंजरा आत नको, ऑइल सीलही नको. नट मात्र पूर्ण टॉर्कला हवा, २०० ते २२० फूट-पाउंड, कारण अर्धवट आवळून घेतलेला आकडा खोटाच असतो.

आणि बेअरिंग बसवताना बर्नरची ज्योत लावू नका. ऑइलमधे बुडवून १०० डिग्रीपर्यंत तापवा, पुरेसं आहे, १२० च्या वर कधीच नाही. भांड्याच्या तळाला टेकू नका, तारेने टांगा. प्रेसवर घेतलंत तर दाब फक्त आतल्या रिंगवर, रोलर धरणाऱ्या जाळीला धक्का लागता कामा नये.

भांडुपची_जीप:
समजलं ताई. पण शिम बदलून बघायची म्हणजे प्रत्येक वेळी कप ठोकून काढायचा आणि पुन्हा बसवायचा? तो तर दोन-तीनदा काढला की खराब होईल.

दादरचे_फिटरकाका:
नव्या कपाला हात लावायचा नाही. आत्ता आत आहेत ती १८० किलोमीटरवाली बेअरिंगं तुझी ट्रायलची बेअरिंगं. तशीही ती तापलेली आहेत, मी असतो तर परत वापरली नसती. आतला कप बाहेरून एमरीने थोडासा घासून घे, इतकाच की पोटात हाताने जाईल आणि हाताने निघेल. बाहेरच्या कोनाचं भोक आतून तसंच घास. मग शिम बदल, लाव, मोज, काढ, कितीही वेळा. आकडे जमले की नवीन कप कायमचे बसव. फक्त ट्रायलची आणि नवीन दोन्ही एकाच मेकची घे आणि रुंदी मायक्रोमीटरने ताडून बघ, फरक असला तर तेवढा शिममधे धर.

कप बसवताना पितळी ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायचा दांडा, आणि समोरासमोर आळीपाळीने ठोकायचं. खांद्यावर टेकला की ठोक्याचा आवाजच बदलतो, बोदा आवाज जाऊन भरीव येतो. त्या खांद्यावर एक बारीक कण राहिला तरी खोली चुकते, म्हणून आधी बोट फिरवून बघ, फडक्यावर विश्वास ठेवू नकोस.

ठशासाठी आम्ही शेंदूर ऑइलमधे कालवून लावायचो, पातळ, आठ-दहा दातांना.

स्नेहल_विक्रोळी:
काका, शेंदूर नको. खऱ्या शेंदरात शिसं असतं, हाताला लागून पोटात जातं. मार्किंग ब्ल्यूची ट्यूब मिळते, ती घ्या. आणि ठसा घेताना क्राऊनला लाकडी दांड्याने थोडा ब्रेक लावून योक फिरवा, मोकळा फिरवला तर ठसा अर्धवट उमटतो.

दादरचे_फिटरकाका:
बरोबर आहे पोरी. आमच्या वेळी कोणी सांगितलं नाही. ब्ल्यूच घे.

नागदेवीचा_गिऱ्हाईक:
बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला घेणार असशील तर डबा बघून घेऊ नकोस. मी चांगल्या नावाच्या डब्यात भलताच माल घेऊन फसलोय. कंपनीच्या अधिकृत डीलरकडेच जा, पक्कं बिल घे, रिंगवर कोरलेला नंबर कप आणि कोन दोन्हीवर जुन्याशी जुळव, अक्षरांची कोरीव कडा बोटाला स्वच्छ लागायला हवी. आणि दुकानातच प्लॅस्टिक फोडून धूळ बसवू नकोस, बसवायच्या दिवशीच उघड.

भांडुपची_जीप:
मंडळी, दोन शनिवार-रविवार लागले, आता सगळं लिहितो.

गाळ्यावर उघडलं. बॅकलॅश ९ थाऊ निघाला, म्हणजे ५ ते १० च्या आत, ते मेकॅनिकने बरोबर ठेवलं होतं. ब्ल्यू लावून ठसा घेतला तर फुगीर बाजूवर दाताच्या अगदी शेंड्याला एक बारीक पट्टी, काका तुम्ही लिहिलं होतं तसंच, पिनियन लांब. मग पिनियन काढला आणि तोंडावर बघितलं तर उणे २. जुन्याचा अधिक १. म्हणजे ३ थाऊ वाढवायला हवे होते आणि त्याने जुनी ३८ थाऊची शिम तशीच टाकली होती. मॅचिंग नंबर दोन्हीवर सारखा आहे, तेवढा जीव भांड्यात पडला.

काढायच्या आधी क्राऊन बाहेर घेऊन पट्टी आणि काटा लावून प्रीलोड बघितला. ४ किलो! म्हणजे ८० किलो-सेंटिमीटर, हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तोही १८० किलोमीटर चाललेल्या बेअरिंगवर. दांड्यावरची जुडी ३० थाऊची निघाली. बाहेरच्या कोनाचे रोलर निळसर पडलेले आहेत. स्लिंगर मात्र दोन्ही जागेवर होते.

मग तुम्ही सांगितलं तसं ट्रायलसाठी कप आणि कोन घासले. मित्र लेथवाला असल्यामुळे तो म्हणाला मशीनवर एका मिनिटात करतो, पण मी हातानेच केलं, दीड तास गेला. कपामागे ४१ थाऊ. दांड्यावर ३३ ठेवून सुरुवात केली. ट्रायलवर ठसा दाताच्या मधोमध आला, थोडासा आतल्या टोकाकडे. तो बघून मी आणि मित्र दोघंही काही वेळ काहीच बोललो नाही, इतका स्वच्छ होता. बॅकलॅश ८ झाला, पिनियन आत गेल्यामुळे कमी झाला असणार, साइडच्या शिमना हात लावला नाही.

नवीन बेअरिंगं घालून ३४ थाऊला २.६ किलो आला, थोडा जास्त. पुन्हा नट काढला, एक थाऊ वाढवून ३५ केले, १.६ किलो. नट २१० ला. योक धरायला चार फुटी अँगल भोकं पाडून वापरला, तरी दोघं लागलो. मग सील, ऑइल ९० जीएल-५, आणि नाकाच्या बेअरिंगवर आधीच हाताने ऑइल ओतून ठेवलं.

आज पहाटे साडेपाचला ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने ठाण्यापर्यंत गेलो, तिथे अर्धा तास थंड होऊ दिली, परत आलो. ४० ला, ५० ला, ५५ ला, पाय हलका धरून. काहीच नाही. फक्त टायर आणि वारा. नाकाला हात ठेवला तर गरम आहे पण ठेवता येतोय, पोटाइतकंच. वडील असते तर त्यांनी शेजारी बसून काही न बोलता ऐकलं असतं.

टेम्पोवाला_मानखुर्द:
भावा मस्त केलंस. उणे-अधिकचं मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या मिस्त्रीला दाखवतो हे सगळं.

दादरचे_फिटरकाका:
शाब्बास. ठसा आतल्या टोकाकडे किंचित आहे तो चांगलाच, लोड आल्यावर तो बाहेर सरकतो आणि मधे येतो. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर ओढू नकोस, घाट चढताना दमवू नकोस, मग ऑइल बदल. निघालेल्या ऑइलमधे चुंबक फिरवून बघ, बारीक काळा चिखल चालेल, चमकणारे कपचे नको.

आणि पाणी आत गेलं कुठून ते बघितलंस का? गरम ॲक्सल पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (ॲक्सलचं हवा जायचं छिद्र), सीलमधून पाणी आत ओढून घेतो. ब्रीदर साफ कर आणि त्याला रबरी नळी जोडून वर बॉडीपर्यंत ने, चेसिसच्याही वर. मुंबईत गाडी ठेवायची तर हे हवंच. आणि पुन्हा कधी हबपर्यंत पाण्यात गेलीस तर दुसऱ्याच दिवशी खालचा बोल्ट सैल करून ऑइलचा रंग बघ, दिवाळीची वाट बघू नकोस.

भांडुपची_जीप:
ब्रीदर मातीने पूर्ण बुजलेला होता काका, आज साफ केला. नळी आणलीय, रविवारी मागच्या सीटखालून वर नेतो. आणि एक केलं, शिमचे आकडे, ४१, ३५, बॅकलॅश ८, काट्याचा १.६, तारीख, सगळं एका कागदावर लिहून प्लॅस्टिकमधे घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवलंय, पुढच्या वेळी जो कोणी उघडेल त्याच्यासाठी.

दादरचे_फिटरकाका:
पिनियनचा उणे २ लिहिलास का त्यावर? तो पण लिही. आणि बेअरिंगचा मेक.

भांडुपची_जीप:
लिहिला. दोन्ही.